धोंडोपंतांचा घडीचा चाकू

मुलांनो, एका जंगलात धोंडोपंत नावाचे अस्वल राहत होते. त्यांची नखं चांगली लांब आणि दणकट होती. त्या नखांनी ते वारूळ फोडत, झाडावर चढत, मधाचं पोळं उतरवत आणि उन्हाळ्यात शेजाऱ्यांचे फणसही फोडून देत. आयुष्य बरं चाललं होतं.

मग कोल्हे वकिलांकडे बारसं निघालं.

जेवणं झाल्यावर वकिलांनी जाकिटाच्या खिशातून एक नाजूक चाकू काढला. टक् करून पातं उघडलं आणि चिकू सोलला. साल अखंड, रिबिनीसारखी खाली उतरली. मंडळी बघतच राहिली. वकिलांनी पातं मिटलं आणि काही विशेष घडलं नसल्यासारखा चाकू खिशात टाकला.

धोंडोपंतांनी आपले पंजे हळूच पाटाखाली सारले. आपण अगदीच रानटी आहोत, असं त्यांना जन्मात प्रथमच वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते खवलेशेटच्या दुकानात गेले. शेट म्हणजे खवल्या मांजर. घाबरले की ते स्वतःचीच घडी घालून घेत. त्यामुळे घडीच्या वस्तूंबाबत जंगलात त्यांचा शब्द शेवटचा.

"रोज काय काय कापता?" शेटनी विचारलं.

"फणस. वारूळ. कधीमधी सागाची साल."

"ते विसरा. सभ्य गृहस्थ चिकू कापतो, पाकिटाची कड कापतो, नाहीतर सदऱ्याचा लोंबणारा दोरा."

"मी सदरा घालत नाही."

"मग आधी सदरा घ्या. खिसा नसेल तर चाकू ठेवणार कुठे?"

पंतांनी दोन-तीन सदरे घेतले. मग चाकू बाहेर आले. सांबरशिंगाच्या मुठीचा पंतांना फार आवडला, पण शेजारी एक सांबर कात्र्या बघत उभं होतं, ते खाकरलं. पंतांनी चाकू खाली ठेवला. शिसवी मुठीचा जड होता, खिसा खाली ओढत होता. शेवटी बांबूच्या मुठीचा निघाला. तो इतका हलका, की शेटनी फुंकर मारली तर काचेवरून सरकला.

"खिशात आहे हे कळायचंसुद्धा नाही," शेट म्हणाले.

आणि खरंच कळेना. घरी पोचेपर्यंत पंत पावलोपावली खिसा चाचपत होते.

घरी अडचण निघाली. पात्यावरच्या बारीक खाचेत नख घालून पातं ओढायचं होतं. पंतांचं नख काही त्या खाचेत शिरेना. ते परत दुकानात गेले. शेटनी चाकू पाहिला, मग पंतांचा पंजा पाहिला.

"चाकूत दोष नाही," असं म्हणून त्यांनी कानस पुढे केली.

पंत गोंडस पंजे घेऊन घरी आले. बायको, भागीरथीबाई, दारातच होत्या.

"अहो, नखं कुठे गेली?"

"आता लागत नाहीत. चाकू आहे."

"वारूळ कशाने फोडणार?"

"वारुळाला चाकू लावत नाहीत, भागीरथी. शोभत नाही ते."

तेव्हापासून वारूळ बाईच फोडू लागल्या. मधही त्याच उतरवत. पंत झाडाखाली बसून आपल्या वाटच्या पोळ्याचे चौकोनी तुकडे करत, आणि त्यांना फार प्रसन्न वाटे.

एका सकाळी ते ओढ्यावर एकटेच गेले आणि रानकुत्र्यांच्या टोळीने त्यांना घेरलं. झाडावर चढावं तर नखं नाहीत. पंजा मारावा तर तो उशीसारखा मऊ. पंतांनी खिशातून चाकू काढला आणि उघडला. टक्.

कुत्रे थबकले.

"बघू," म्होरक्या म्हणाला.

पंतांनी पातं आपल्याकडे वळवून मूठ पुढे केली. सभ्य गृहस्थ चाकू तसाच देतात.

"हलका आहे हो. बांबू का?"

"पावसात फुगेल," मागून एक कुत्रा म्हणाला.

"तेल लावलं तर नाही फुगत," पंत म्हणाले.

"मी तर शिसवीच घेईन. हातात काहीतरी आहे असं वाटायला हवं."

बघता बघता टोळीत दोन तट पडले. पंत भीती विसरून बांबूच्या बाजूने हिरीरीने बोलू लागले. त्यांचे मुद्दे चांगले होते.

"हे जेवणानंतर बोलू," म्होरक्या म्हणाला, चाकू दातांत धरून पुढे सरकला, आणि जेवण कोणतं ते पंतांच्या लक्षात आलं. त्यांनी डोळे मिटले.

तेवढ्यात भागीरथीबाई सदरे धुवायला ओढ्यावर आल्या. त्यांनी बादली खाली ठेवली आणि एकच पंजा मारला. म्होरक्या करवंदीच्या जाळीत जाऊन पडला, तिथून उठून पळत सुटला. टोळी त्याच्यामागे. चाकूही गेला.

"लागलं का कुठे?" बाईंनी विचारलं.

"नाही." पंतांनी सदरा झटकला. "थोडक्यात वाचलो. चाकू होता म्हणून."

बाईंनी बादली उचलली.

"हो ना," त्या म्हणाल्या. "दुसरा घेऊन टाका."

तात्पर्य: रोज बाळगायचा चाकू निवडताना पातं, मूठ, वजन यांची फार चिकित्सा करू नये. घरात दुसऱ्या कुणाची तरी नखं शाबूत आहेत ना, तेवढं पाहून घ्यावं.