सान हिलारियोचा कर्तव्यदक्ष शार्क

कुठल्याही सुव्यवस्थित नगरपालिकेला एक असा प्राणी लागतो, जो कधी दिसत नाही, ज्याला नोटीस बजावता येत नाही आणि जो कुठल्याच आरोपाला नाही म्हणत नाही. पुष्कळ गावं अशा प्राण्यावाचून कशीबशी दिवस काढतात आणि मग तिथल्या नगराध्यक्षांना स्वतः उत्तरं द्यावी लागतात. कोसिबोल्का सरोवराच्या काठावरचं सान हिलारियो या बाबतीत नशीबवान. आमच्याकडे शार्क आहे.

गोड्या पाण्यात शार्क कसा, असं विचारणारे परगावचे असतात. समुद्रातून नदी चढून शार्क पूर्वी खरोखरच येत. आजोबांच्या पिढीने ते पकडले, त्यांचे पर कापून विकले आणि सरोवर ओकंबोकं करून टाकलं. शार्क जसजसे आटले तसतशा त्यांच्या हकिकतींना पूर आला. आज एकही दिसत नाही, म्हणून तो घरोघरी ठाऊक आहे. गावाने त्याचं नाव डॉन प्रुदेन्सियो ठेवलंय. (‘डॉन’ ही आमच्याकडे मानाची पदवी. ज्यांच्याकडून काहीच वसूल करता येत नाही, अशा सर्वांना ती लावतात.)

डॉन प्रुदेन्सियो यांची कामगिरी थक्क करणारी आहे. गेल्या बारा वर्षांत बुडालेली सातही माणसं त्यांनीच नेली. त्यांतली पाच पालिकेच्या लाकडी धक्क्यावरून, एकाच कुजक्या फळीपाशी गेली. यावरून ते नियमित सवयीचे आहेत हे सिद्ध होतं. याखेरीज पालिकेच्या बोटीचं इंजिन, रस्त्यावरचे काही दिवे आणि धक्क्याच्या दुरुस्तीसाठी आलेलं सगळं लाकूड त्यांनी गिळलं. (लाकूड शार्कला पचतं का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, लाकूड गेलं यावर नाहीत.)

फळीपाशी गेलेला पाचवा माणूस म्हणजे असुसेनाबाईचा, आमच्या भाषेत डोन्या असुसेनाचा, नवरा.

असुसेना त्या वेळी धक्क्याच्या तोंडाशी, आपल्या टेबलामागे उभी होती. केळीच्या पानावर उकडलेला कसाव्याचा कंद, त्यावर डुकराची तळलेली कुरकुरीत चरबी, त्यावर कोबी, असं विगोरोन ती गेली वीस वर्षं विकत आली होती. नवरा होडीकडे चालला होता. फळी कडाडली, माणूस कमरेपर्यंत आत गेला, डोकं खांबावर आपटलं आणि पाणी मिटलं. कोबीची मूठ तिच्या हातात तशीच राहिली. सरोवरावर ऊन खेळत होतं. असल्या दिवशीही खेळतं, हे तिला तेव्हा कळलं.

देह दुपारी मिळाला. अखंड होता, पायांत बूटसुद्धा होते. डॉन प्रुदेन्सियो यांचा हात असल्याचा हाच सबळ पुरावा, असं पालिकेने जाहीर केलं. समुद्रातला शार्क खातो, गोड्या पाण्यातला सुसंस्कृत असल्यामुळे नुसता मारतो.

असुसेनाला पुराव्याशी कर्तव्य नव्हतं. तिची मुलगी याहोस्का पलीकडच्या गावात नर्सिंगच्या शाळेत जायची. होडी त्याच धक्क्याच्या टोकाला लागायची, आणि भोकाशेजारच्या फळ्याही पाय ठेवला की कण्हायच्या. ती नगराध्यक्ष डॉन एवेनोर यांच्याकडे गेली.

“बसा, डोन्या असुसेना,” डॉन एवेनोर म्हणाले. “तुमच्या दुःखात सारं गाव सहभागी आहे.”

“गावाला राहू द्या. मला चार फळ्या हव्यात.”

“फळ्या? फळ्यांनी काय केलंय?”

“मोडली फळी. माझ्या डोळ्यांदेखत.”

“तुम्ही वर बघत होतात,” डॉन एवेनोर हळुवारपणे म्हणाले. “शार्क खाली असतो.”

मग त्यांनी तिला कारभाराची अडचण समजावून सांगितली. धक्का दुरुस्त करायचा, तर तो मोडला होता असं होतं. तो मोडला होता, तर पाच माणसं धक्क्याने मारली असं होतं. धक्का पालिकेचा. म्हणजे दुरुस्ती केली की पालिका खुनी ठरते. न केली तर फक्त दुःखी राहते. कोणती पालिका योग्य, हे त्यांनी तिच्यावरच सोडलं.

“आणि माझी पोरगी?”

“तिला सांगा, डॉन प्रुदेन्सियोंना घाबरून राहायचं.”

दरम्यान भोकाचं भाग्य उजळलं. राजधानीहून माणसं येऊ लागली. पालथी पडून भोकात डोकावू लागली, आत चिकन टाकू लागली. तेव्हा पालिकेने तत्परतेने पाटी लावली: ‘शार्कला खायला घालू नये.’ (पाय जपून टाकावा, अशीही एक सूचना आली होती. घबराट पसरेल म्हणून ती फेटाळण्यात आली.) याहोस्काची बाप्तिस्म्याच्या वेळची धर्ममाता मेलिदा लाकडाचे शार्क कोरून विकू लागली. धक्क्याला मिळेना ते लाकूड शार्कला मिळत होतं.

“अगं, तुझ्या नवऱ्याचा निदान पेपरात फोटो आला,” मेलिदा म्हणाली. “माझा दारूत गेला. कुत्रंसुद्धा विचारत नाही.”

“त्याला शार्कने मारलेलं नाही, मेलिदा.”

“बरं, नसेल. पण लोक एवढ्या लांबून येतात, त्यांना काय सांगायचं? फळी मोडली? फळी त्यांच्या गावातही मोडते की.”

त्या दिवसांत काठावर धुणं धुणाऱ्या बायका एक कडवं गुणगुणायच्या. कुणी जुळवलं ते कुणी सांगत नसे:

तळ्याला गं नाही तळ, वाऱ्याला नाही दार,
फळीला गं नाही खिळा, कुणाला विचारणार.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी सारं गाव अंघोळीला काठावर लोटलेलं असताना असुसेनाने आपलं विगोरोनचं टेबल उलटं केलं, पाय उपटले, फळ्या सुट्या केल्या. त्या डोक्यावर घेऊन ती भोकापाशी गेली आणि तोंडात खिळे धरून ठोकायला बसली. भोवती गर्दी जमली. राजधानीहून आलेला एक गृहस्थ, मुलांना काय दाखवू, म्हणून फार नाराज झाला. डॉन एवेनोर ओल्या चड्डीवरच धावत आले.

“हे काय चालवलंत? ही गावाची ठेव आहे.”

तिने तोंडातला एक खिळा काढला. “ठोकतेय.”

“आणि डॉन प्रुदेन्सियो यायचे कुठून?”

“एवढे मोठे साहेब,” ती म्हणाली, “पायरीने येतील.”

गर्दीत कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

त्यानंतर धक्क्यावरून एकही माणूस बुडाला नाही. या चिंताजनक परिस्थितीची पालिकेने गंभीर दखल घेतली. डॉन प्रुदेन्सियो दुखावून निघून गेले असून दुर्मिळ जीवाला बेघर केल्याची जबाबदारी एका बाईवर येते, असा निष्कर्ष निघाला. नाहीतरी इतकी वर्षं गावात जबाबदार असं कुणी सापडलंच नव्हतं. मेलिदाचे शार्क पडून राहिले. तिने असुसेनाशी बोलणं टाकलं. शेवटी शार्कच्या पुनर्वसनासाठी फळ्या उचकटून भोक मूळ स्थितीत आणावं, असा ठराव एकमताने मंजूर झाला.

पहारी घेऊन तीन कामगार आले, तेव्हा असुसेना त्याच फळ्यांवर मांडी घालून बसली होती. टेबल आता पायांखाली होतं, म्हणून टोपली मांडीवर.

“उठा बाई. वरून हुकूम आहे.”

“उठते. होडी सुटू दे.”

याहोस्का आली. पांढरा गणवेश, हातात चपला. आईला वळसा घालून, टेबलाच्या फळ्यांवरून चालत टोकाला गेली. फळ्या कण्हल्या नाहीत. होडी सुटली. कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं आणि विगोरोन मागितलं. रोज सकाळी असंच होतं. पालिकेच्या लेखी काम प्रगतिपथावर आहे.

आता, वाचकहो, तुम्हाला शार्कचं नाव पाठ झालंय. तो कुठे यायचा, काय गिळायचा, कशाने दुखावला, हेही तुम्ही शेजाऱ्याला बिनचूक सांगू शकाल, आणि सांगालही. फळीतून गेलेल्या त्या माणसाचं नाव मात्र या सगळ्या हकिकतीत एकदाही आलेलं नाही, आणि तुमचं त्यावाचून काही अडलं नाही. नगरपालिकेचंही अडलं नव्हतं.