कोंबडीला भेटल्याशिवाय अंडं नाही

गुलाबभाऊंकडे अंडं उबवायला द्यायचं असेल तर सोबत कोंबडी न्यावी लागते. जमलं तर कोंबडाही.

मी सावली गावात मास्तर म्हणून बदलून आलो तेव्हा हे ठाऊक नव्हतं. बाजारातून गावठी अंडी घेतली आणि शेजारी गेलो. पुढे भाऊंचं मोटार रिवायंडिंगचं दुकान, मागे घर, मधे त्यांनी स्वतः बनवलेली उबवणीची पेटी. भाऊंनी एक अंडं उचललं, उजेडात धरलं, खाली ठेवलं.

"याचे मायबाप कुठी राह्यतेत?"

"बाजारातून आणलीत, भाऊ."

"म्हंजे बेवारस. नाई जमत." मग माझा उतरलेला चेहरा पाहून म्हणाले, "मास्तर, काई रोगाचे विषाणू मायच्या पोटातूनच अंड्यात उतरतेत. पिल्लू जन्माआधीच बिमार. असं एक निघालं का पेटीतली सारी वस्ती गेली समजा."

गावातल्या बायांना हे पाठ होतं. त्या कोंबडी काखेत मारूनच यायच्या. भाऊ तिला अंगणात चालवून पाहायचे, चोच उघडायचे, वर कोंबड्याचीही चौकशी करायचे. एक बाई वैतागून म्हणाली, "भाऊ, अंडे उबवून राह्यले का सोयरीक जमवून राह्यले?"

दुसरं वेड विजेचं. लाइन गेली की पेटी बॅटरीवर चालायची, पण बाजारचा इन्व्हर्टर भाऊंना पसंत नव्हता. त्याचा करंट म्हणे चौकोनी. पेटीतला पंखा घूं घूं करायचा. "आतलं लेकरू आयकते ना, मास्तर! लाट कशी गोल पायजे, पाळण्यावानी." त्या गोल लाटेपायी भाऊ स्वतःच इन्व्हर्टर बनवत बसायचे. अधूनमधून फाट्‌कन काहीतरी उडायचं, आमच्याकडे चहा सांडायचा, आणि भिंतीपलीकडून आवाज यायचा, "काई नाई, शिकून राह्यलो!"

एकदा तळ्यावर मासे धरणाऱ्या शेवंताबाई आल्या. पदरात चार अंडी. कोंबडी नव्हती.

"मेली, भाऊ. होत्या तेवढ्या साऱ्याच मेल्या. पोरीनं पोसली होती ही. पोरगी आता सिरोंच्याले नांदते. हे एवढंच उरलं."

"मरताना थरथर कापे का?"

"हो."

"मंग नाई, बाई. तेच अंड्यात असन. पेटीत दुसऱ्याचे लेकरं हायेत."

शेवंताबाई वळल्या. दारापर्यंत गेल्या, तेव्हा भाऊ ओरडले, "अंडे ठेवून जा! पेटीत नाई ठेवत. पन ठेवून जा."

पुढचे काही दिवस आमच्याकडे चहा सारखा सांडत राहिला. भाऊंनी थर्माकोलच्या खोक्याची दुसरी पेटी केली, तिला वेगळा इन्व्हर्टर केला आणि ती आपल्या निजायच्या खोलीत ठेवली. या खोलीतून त्या खोलीत जाताना साबणानं हात धुवायचे, शर्ट बदलायचे. उन्हाळ्यात लाइन गेली की स्वतः घामानं निथळत बसायचे. बॅटरी पेटीपुरतीच होती.

दोन पिल्लं निघाली. एक ठणठणीत. बरेच दिवस वेगळं ठेवून, नीट पारखून भाऊंनी ते शेवंताबाईंना दिलं. त्यांनी अंगणातूनच सिरोंच्याला व्हिडिओ कॉल लावला आणि पिल्लू इतकं जवळ धरलं की लेकीला नुसती चोच दिसली असेल.

दुसऱ्याची मान थरथरत होती. पायावर उभं राहता येत नव्हतं. भाऊ त्याला कापडाच्या चुंबळीवर बसवून ड्रॉपरनं पाणी पाजत होते.

"भाऊ, हे रोगट आहे ना?"

"हाये. म्हनून तं माह्याजवळ हाये."

वहिनी गेल्यापासून भाऊंच्या घरी दुसरं कोणी नाही. कुणाकडेही जेवण असो, भाऊ सगळ्यांत शेवटी उठणार. पत्रावळ्या उचलल्या, मांडव उतरू लागला, तरी हे खुर्चीवर. मला वाटायचं, माणूस गप्पिष्ट आहे.

परवा नागभीडला एका लग्नाला आम्ही सोबत गेलो. जेवण होतं न होतं तोच भाऊ चपला शोधू लागले.

"काऊन भाऊ, एवढ्या लवकर?"

"जातो, मास्तर," भाऊ म्हणाले. आवाज जरा मोठाच काढला, बाजूच्या चार जणांना ऐकू जाईल असा. "घरी वाट पाह्यते ना!"