गुंडोच्या मुंजीतला वास

गुंडोच्या मुंजीला आठ दिवस उरले, तरी त्याच्या तोंडाचा वास काही जाईना. चामराजपेठेतल्या त्या घरात दोन महिने दुसरा विषय नव्हता.

"दात घासतोस ना रे?" गुरुराजराव लेकाला विचारत.

"घासतो, अण्णा. सकाळी कडुनिंब, दुपारी लवंगेचं पाणी, रात्री राखुंडी."

"सरी, सरी, बरं. पुढचं स्वल्प लांबून सांग."

वैद्यांनी ओवा दिला, घरातल्या आत्यानं, पद्मावतीअक्कांनी, बडीशेप. दंतवैद्यांनी दात बघून "पोराचे दात नव्हेत, मोती आहेत" असं सर्टिफिकेट दिलं आणि लगबगीनं खिडकी उघडली. वास जिथल्या तिथे.

आता मुंजीत बापलेकांनी एका शालीखाली बसायचं असतं. बापानं मुलाच्या कानात गायत्रीमंत्र सांगायचा आणि मुलानं तो बापाच्या तोंडासमोर म्हणायचा, तेही तीनदा. गुरुराजरावांचं नाक असं, की शेजारी फणस कापला तर ते ऑफिसातून उशिरा घरी येत. मंत्र अर्धा टाकून ते शालीतून पळाले असते, तर दीडशे पाहुण्यांत शोभाच झाली असती. म्हणून मुंजीच्या आदल्या दिवशी त्यांनी येलहंक्याहून आलेल्या थोरल्या भावाला गाठलं.

"अप्पा, घरात वडील तू. गायत्री तूच सांग."

अप्पासाहेब फुलून गेले. त्यांनी मोठ्या प्रेमानं पुतण्याला छातीशी धरलं आणि तितक्याच प्रेमानं दूर ठेवलं. "नको रे गुरू. बाप धडधाकट असताना काकानं पुढे पुढे करणं बरं दिसत नाही."

मग धारवाडच्या मामाला विचारलं. भाच्याचा एक पापा घेतल्याबरोबर त्याचा घसा बसला. कुणीच मानाला हपापलेलं नाही हे पाहून पाहुण्यांना मात्र भरून आलं. असा निर्लोभी गोतावळा त्यांनी कुठे पाहिला नव्हता.

मुंजीच्या सकाळी गुरुराजराव निमूटपणे कोठीच्या खोलीत गेले. त्यांनी अत्तरात भिजवलेले कापसाचे दोन बोळे नाकात खोल सारले आणि येऊन पाटावर बसले. भटजींनी शाल पांघरली. आत गुंडो टक लावून बघत राहिला.

"अण्णा, तुम्हीपण नाकात घातलंय?"

"गप. मी सांगतो तसं म्हण." मग ते थबकले. "तुम्हीपण म्हणजे?"

"मी पाटी पुसायच्या स्पंजचा तुकडा घातलाय."

"कधी?"

"दोन महिने झाले. पद्मावतीअक्का दर रविवारी एरंडेल पाजते ना, त्याचा वास सोसत नाही. तुकडा एकदा आत गेला तो निघेचना."

"अरे गाढवा, मग सांगितलं का नाहीस?"

"सगळे 'तोंड उघड, तोंड उघड' म्हणत होते. नाकाचं कुणी विचारलंच नाही."

बाहेर भटजी अस्वस्थ झाले. "यजमान, मुहूर्त टळतोय!"

"तुम्ही कशाला घातलंत, अण्णा?" गुंडोनं अगदी काळजीनं विचारलं. "तुम्हाला तर कुणी एरंडेल पाजत नाही."

दोन महिने या पोराला आपण हातभर लांब उभं केलं, हे आठवून गुरुराजरावांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी दोन्ही बोळे काढून फेकले.

"पंगत उठली की डॉक्टरकडे जाऊ," ते म्हणाले. "आता ये असा जवळ."

त्यांनी मंत्र तीनदा सांगितला आणि तीनदा, नाकाला नाक लावून, ऐकला. एकदाही तोंड फिरवलं नाही.

शाल निघाली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"बापाचं काळीज हो!" पद्मावतीअक्का गहिवरल्या. बघता बघता मांडवातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पाटाला खेटून बसलेल्या अप्पासाहेबांनी मात्र रुमाल नाकाला लावला.