सातपाटी ते बोईसर, सरळ रेघेत

बोईसरच्या एका रसायन कंपनीची सातपाटीहून येणारी कामगारांची बस रोज उशिरा पोचत असे. रस्ताच लांबचा आहे, हे कारण कंपनीच्या धोरणात बसत नव्हते. म्हणून प्रशासन अधिकारी खंडेराव यांनी संगणकावर कंपनीचा स्वतःचा नकाशा तयार करून तो बसच्या जीपीएस यंत्रात भरायचे ठरवले.

खंडेराव घाटावरचे. पडद्यावर सातपाटी आणि बोईसरच्या बाजूचे मुरबे गाव बोटभर अंतरावर दिसताच ते हळहळले. "एवढ्यासाठी एवढा वळसा?" म्हणत त्यांनी सातपाटीहून मुरब्याला आणि तिथून बोईसरला सरळ रेघ ओढली. मध्ये एक निळा पट्टा येत होता. रंगांमुळे यंत्राची मेमरी उगाच भरते, म्हणून तो पुसला. शिवाय आदेश काढला: बसने रेघ सोडल्यास किंवा ती वाटेत थांबल्यास चालकाला मेमो, आणि यंत्र कंपनीच्या फाटकात शिरल्याशिवाय बसमधल्या कोणाचीही हजेरी लागणार नाही.

सोमवारी चालक रामनाथने बस थेट किनाऱ्यावर नेऊन उभी केली. यंत्रातली बाई म्हणाली, "सरळ जा."

रामनाथने फोन लावला. "साहेब, फुडं खाडी हाय."

"नकाशात आहे का?"

"नकाशात नाय. पन बसच्या फुडं हाय."

"मग तुम्ही विनाकारण थांबलात," असे म्हणून खंडेरावांनी मेमो काढला आणि स्वतः पाहणीला आले. खाडी त्यांनी बराच वेळ न्याहाळली. पण नकाशा संचालकांनी मंजूर केला होता. खाडीला कोणाचीच मंजुरी नव्हती.

इतक्यात मंगलामावशी बोंबलांची टोपली घेऊन मुरब्याच्या होडीकडे निघालेल्या दिसल्या. त्या पुढे बोईसरच्या बाजारात मासे विकत. खंडेरावांनी बसमधले यंत्र काढून त्यांच्या टोपलीत ठेवले. "मावशी, एवढं आमच्या फाटकावर द्या." बस खंडेरावांना घेऊन नेहमीच्या वळशाने गेली, आणि साहेब आत असल्याने फाटक उघडले.

संध्याकाळी अहवाल आला. बसने रेघ तसूभरही सोडली नव्हती. डिझेलचा खर्च शून्य. संचालकांनी टाळ्या वाजवल्या. फक्त बस बोईसरच्या मासळीबाजारात दोन तास उभी होती, हे त्यांना खटकले. नियमाप्रमाणे मंगलामावशींना मेमो गेला.

मेमो घेऊन त्या थेट कंपनीत आल्या. "मी काय तुमची बस हाय?"

खंडेरावांनी नोंदी नीट तपासल्या. "कागदोपत्री, हो."

दुसऱ्या दिवशीही यंत्र मावशींच्याच टोपलीत होते. खरी बस वळसा घालून फाटकाशी आली. पण यंत्र नसलेल्या वाहनाला पहारेकऱ्याने आत सोडले नाही. पॅकिंग विभागातली मेघाली खाली उतरून म्हणाली, "साहेब, आमी आलोय. समोर उभ्या हाव."

"तुम्ही अजून आलेला नाहीत," खंडेराव समजुतीने म्हणाले. "तुमची बस बाजारात आहे."

अर्ध्या दिवसाची हजेरी बुडायची वेळ आली. सगळे धावत बाजारात गेले. मावशी उठेपर्यंत बस हलणार नव्हती, आणि टोपली रिकामी होईपर्यंत मावशी उठणार नव्हत्या. कामगारांनी सगळे बोंबील विकत घेतले. बसमधल्या शाकाहारी हेमालीनेही दोन वाटे उचलले. मग पुढे मावशी, मागे पिशव्या घेतलेले कामगार, अशी बस फाटकात शिरली. सगळ्यांची हजेरी लागली.

आता हे रोजचेच झाले. मावशींनी भाव वाढवला. ते बसचे भाडे समजून कोणी तक्रार केली नाही. महिनाअखेरीस वाहन तपासणी झाली. मावशींच्या चपला टायर म्हणून पास झाल्या. तपासनिसाने आसनक्षमता विचारली, तेव्हा मावशींनी जे उत्तर दिले त्यावरून हॉर्नही उत्तम असल्याची नोंद झाली.

हसा, वाचकहो. पण परवा लग्नाला जाताना मोबाइल "तुम्ही पोचलात" म्हणाला तेव्हा तुम्ही एका मिठागरात उभे होतात. बाजूचा माणूस हात दाखवून सांगत होता, "मांडव तिकडं हाय." तुम्ही त्याच्याकडे संशयाने पाहिलेत, आणि आहेराचे पाकीट सांभाळत मिठाच्या ढिगाकडे चालू लागलात.