सर वॉल्टरची दुसरी बायको

प्रीताच्या होणाऱ्या सासूबाईंनी, म्हणजे मार्गारेटबाईंनी, साखरपुड्यात आपल्या घराण्याचा छापील इतिहास भेट दिला आणि परदेशातल्या शॉमबर्ग गावातल्या तिच्या माहेरची शांतता गेली. वधूपिता त्र्यंबकराव निवृत्त होईपर्यंत दुसऱ्या इंजिनिअरांच्या ड्रॉइंगमधल्या चुका काढत आले होते. निवृत्तीनंतर चुका काढायला फक्त बायको उरली होती, आणि तीही आता दाद देत नव्हती. अशा माणसाच्या हाती मध्ययुगीन इंग्लंडमधल्या सरदारांचा जाडजूड ग्रंथ पडला.

चूक सापडायला वेळ लागला नाही. कुणा सर वॉल्टरला इसाबेल आणि मटिल्डा अशा दोन बायका दाखवल्या होत्या. लग्नानंतर इसाबेलचं नाव कुठेच येत नाही, म्हणून लेखकानं तिला मारून टाकलं होतं. पण तिचा मुलगा मात्र त्यानंतर दोन वर्षांनी जन्मला होता.

"बाई एकच," त्र्यंबकराव बायकोला म्हणाले. "माहेरची इसाबेल, सासरची मटिल्डा. लग्नात नाव बदललं असणार."

"पोरीचं लग्न होईपर्यंत गप्प बसा," प्रतिमाताई म्हणाल्या.

पण ईमेल आधीच गेला होता. मार्गारेटबाई हरखून गेल्या. ग्रंथाची सुधारित आवृत्ती सोमवारी छपाईला जायची होती. त्यांनी त्यांच्या वंशावळी मंडळात हा शोध सांगितला, तर तिथल्या जाणकारांनी माना हलवल्या. लग्नात मुलीचं स्वतःचं नाव बदलतात, असं जगात कुठे नसतं म्हणे.

हे मात्र त्र्यंबकरावांना झोंबलं. नाशिकच्या कार्यालयात, ताटातल्या तांदळात अंगठीनं 'प्रतिमा' हे नाव त्यांनी स्वतः लिहिलं होतं. शिवाय छापील पुरावा घरात होता. त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत निघाला तेव्हा 'पत्नी : अबोली, प्रतिमा' अशी माहिती त्यांनीच कळवली होती. त्यांनी त्या पानाचा फोटो काढून पाठवून दिला. पान वाचलं नाही, कारण आपण दिलेली माहिती चुकेल कशी?

शनिवारी मार्गारेटबाई पांढरी फुलं घेऊन दारात उभ्या. त्यांनी प्रतिमाताईंचे हात हातात घेतले आणि दुसरीची मुलगी इतक्या मायेनं वाढवायला फार मोठं मन लागतं, असं डोळे पुसत सांगितलं. प्रतिमाताईंना काही कळेना. मार्गारेटबाईंनी फोनवर भाषांतर करून घेतलेलं ते पान प्रीतानं वाचलं. मुळातच छापलं होतं : पहिली पत्नी अबोली, कन्या प्रीता. दुसरी पत्नी प्रतिमा, अपत्य नाही.

"बाबा, हू इज अबोली?" प्रीतानं विचारलं. "आय ॲम सो कन्फ्यूज्ड. मला कुणी सांगितलं का नाही?"

"अगं, अबोली म्हणजे हीच!"

त्र्यंबकरावांनी दोन भाषांत खुलासा केला आणि गोंधळ दुप्पट झाला. दुःखात माणसाचं असं होतं, असं म्हणून मार्गारेटबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. नव्या आवृत्तीत त्यांनी नोंदही करून टाकली होती : सून प्रीता, त्र्यंबक आणि दिवंगत अबोली यांची कन्या.

"ते आत्ताच्या आत्ता बदला. आईचं नाव प्रतिमा," त्र्यंबकराव म्हणाले.

प्रतिमाताई फुलं लावत होत्या. माहेरची माणसं गेल्यापासून त्यांना अबोली या नावानं कुणी हाक मारली नव्हती. परक्या बाईच्या तोंडून ते वेडंवाकडं का होईना, ऐकून त्यांना फार बरं वाटलं. त्या मार्गारेटबाईंच्या शेजारी बसल्या, प्रीताला जवळ ओढून घेतलं आणि अबोली मीच, हे त्यांनी सावकाश समजावलं. समोर जिवंत पुरावा पाहून मार्गारेटबाईंना इसाबेलबद्दलही खात्री पटली. त्यांनी पेन काढलं. मग छापायचं काय?

"अबोलीच राहू द्या," प्रतिमाताई म्हणाल्या. "फक्त 'दिवंगत' तेवढं खोडा."

"आणि प्रतिमा?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"ती तुमची दुसरी. कुलवृत्तांतात आहे की."

त्र्यंबकराव सवयीनं म्हणाले, "बरं, चहा टाकतेस ना?"

"दुसरीला सांगा."

त्यांनी रिकाम्या स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं. मग उठले आणि चहाची पावडर कुठल्या डब्यात असते ते शोधू लागले.