नानोजीअण्णांचा तराजू

लोकांच्या पोर्चमध्ये झोपाळा असतो. आमच्या शेजारच्या नानोजीराव अण्णांच्या पोर्चमध्ये तराजू टांगलेला आहे. पितळेची दोन पारडी, साखळ्या, वर लोखंडी दांडी, सगळं घासूनपुसून लख्ख. शेजारी बरणीत चिंचोके. या तराजूत अण्णा गेली चार वर्षं एकच प्रश्न तोलताहेत: इथं शहराबाहेर देवनहळ्ळीला राहावं, की बेंगळुरात राजाजीनगरला परत जावं?

डावं पारडं राहण्याचं, उजवं जाण्याचं. घरी येणाऱ्या प्रत्येकाने चिंचोका टाकायचा, पण कारण सांगून. कुरिअरवाला असो की नळ दुरुस्त करायला आलेला माणूस, अण्णा बरणी पुढे करतात. "स्वल्प थांबा. राहायचं की जायचं? कारण सांगा." कारण पटलं की "सरी", म्हणजे 'बरोबर', म्हणतात आणि हातावर गुळाचा खडा ठेवतात.

गूळ, कारण राजाजीनगरात त्यांचं गुळाचं दुकान होतं. घराणं बेंगळुरात किती पिढ्यांपूर्वी आलं, ते त्यांनाही ठाऊक नाही. मुलाने इथे बंगला घेतला आणि वडिलांना मोकळ्या हवेत आणून ठेवलं. स्वतः तो महिन्यातले वीस दिवस फिरतीवर असतो. त्यामुळे मोकळी हवा एकटे अण्णाच खातात.

आमचा लेआउट म्हणजे बंगल्यांची वसाहत; ना धड खेडं, ना धड शहर. फाटकाच्या आत पोहण्याचा तलाव, फाटकाबाहेर द्राक्षांचे मळे. सकाळी मेंढरांचा कळप रस्त्यावरून निघाला की त्याच्यामागे चार महागड्या गाड्या मेंढरांच्याच चालीने चालतात. त्यात आम्ही पडलो पुण्याचे. कोणी मत विचारलं की एकावर थांबणं आम्हाला जमत नाही. पहिल्याच भेटीत मी दोन्हीकडे मिळून नऊ चिंचोके टाकले, तेव्हा अण्णा खूश होऊन म्हणाले, "पुणेवाले म्हणजे मोठं गिऱ्हाईक!"

मोराचा चिंचोका माझा. बंगल्याच्या जाहिरातीत मोर होता. तो पहाटे साडेचारला ओरडतो, हे जाहिरातीत नव्हतं. जाण्याचं पारडं. कुंपणापलीकडे पपनस फुललं की अख्ख्या गल्लीला वास येतो. राहण्याचं पारडं. विमानतळ जवळच, म्हणून विमानाचे अण्णांनी स्वतः दोन टाकले. "आवाज करतंय" म्हणून उजवीकडे, आणि "पोट दिसतंय की हो त्याचं!" म्हणून डावीकडे. त्यांचा खरा राग फाटकावर होता. "फोन येतो मला. सर, कोथिंबीर आली, आत सोडू का? अय्यो! राजाजीनगरात कोथिंबीर विचारून येत नव्हती."

संध्याकाळी निकाल लागायचा. अण्णा चष्मा लावून काटा बघायचे, मान हलवायचे. "अजून ठरत इल्ला. उद्या या." आणि पारडी रिकामी करायचे. चार वर्षांत हा निकाल एकदाही बदलला नाही.

तोलण्यात मात्र माणूस कडक. आधी रिकामी पारडी फुंकून साफ करायची, काटा मधोमध आहे हे समोरच्याला दाखवायचं, मगच पहिला चिंचोका. "चाळीस वर्षं गूळ विकला," ते सांगायचे, "मापात पाप नाही." दिवसातून एकदा तरी हे वाक्य आमच्या कानावर पडायचंच.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याच घरात हा प्रश्न उभा राहिला. माझी बायको मुग्धा हिचं ऑफिस जयनगरला. आठवड्यातून तीन दिवस जाताना दोन तास, येताना दोन तास. ती रडकुंडीला आली होती. ऑफिसपासून पायी अंतरावर एक फ्लॅट मिळत होता आणि मालकाला सोमवारी उत्तर हवं होतं. रविवारी सकाळी मी अण्णांना हे सांगितलं. त्यांनी एकदा तराजूकडे बघितलं. मग म्हणाले, "अर्ध्या तासाने दोघं या. तोलून बघू."

आम्ही गेलो. चिंचोके पडू लागले. प्रवास, पाठदुखी, दळणाची गिरणी सात मैलांवर, डॉक्टर त्याहून लांब. उजवीकडे अकरा झाले. डावीकडे हवा, पपनस, शांतता असं करत कसेबसे सहा. अण्णांनी दांडीला धरलेला हात काढून घेतला, आणि सहाचं पारडं खाली गेलं.

"बघा," अण्णा आमच्याकडे न बघता म्हणाले, "राहायचं पारडं जड. तराजू सांगतोय, मी नाही."

मला गणित कळेना. आज त्यांनी रिकामी पारडी दाखवली नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मुग्धा मात्र वर बघत होती. छतापासून साखळीवरून लाल मुंग्यांची रांग उतरत होती आणि डाव्या पारड्याच्या खाली जात होती. तिने मला कोपराने ढोसलं.

अण्णांनी मुंग्या पाहिल्या. आम्ही पाहिल्या हेही पाहिलं. कान लाल झाले त्यांचे. "थांबा," ते म्हणाले. पारडं उलटं धरून त्यांनी तळाला चिकटवलेला गुळाचा मोठा खडा नखाने खरवडून काढला. चिंचोके फरशीवर सांडले.

"मापात पाप केलं मी," ते म्हणाले. "पहिल्यांदा. दुकानात तराजू होता तर दिवसभर माणसं यायची. इथं माणसं यावीत म्हणून तराजू टांगला. पण येतात, चिंचोका टाकतात, जातात. बसता तुम्ही दोघंच. तुम्ही गेलात तर मी कुणाला विचारू, राहायचं की जायचं?"

अण्णा वाकून चिंचोके गोळा करू लागले, मोजून सहा डावीकडे ठेवले. उजवं पारडं खटकन खाली बसलं. "हे खरं माप," ते म्हणाले. "जावा तुम्ही. अक्काची पाठ महत्त्वाची."

मुग्धाने बरणीत हात घातला आणि मूठभर चिंचोके डाव्या पारड्यात ओतले.

"असं चालत नाही अक्का," अण्णा सवयीने म्हणाले. "एका चिंचोक्याला एक कारण."

"सगळ्यांना मिळून एकच आहे," मुग्धा म्हणाली. "गूळ."

अण्णांनी काट्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने उगाचच पुसला.

"सरी," ते म्हणाले.