धोंड्याचं कडू वाण

धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवू घालणं ही तलवाड्यात हौसेची बाब नाही, कार्यपद्धतीची बाब आहे. तीन वर्षांतून एकदा अधिकमास येतो, जावई येतो, पुरणाचे तेहतीस धोंडे तुपासकट त्याच्यापुढं मांडले जातात, त्यातले तो चार खातो, उरलेले डब्यात घालून नेतो आणि सासू-सासरे पुढच्या अधिकमासापर्यंत सुटतात. या पद्धतीत आजवर कुणी खोट काढली नव्हती. यंदा चंद्रभागाबाईंच्या जावयानं काढली.

जावई परमेश्वर बीडला एका सरकारी खात्यात होता. त्या खात्यानं यंदा ‘कडू खा, सुदृढ राहा’ ही मोहीम हाती घेतली होती. मोहिमेची सुरुवात स्वतःपासून करावी, असा वरून आदेश आल्यामुळं परमेश्वरनं ती सासुरवाडीपासून केली. सासऱ्यांच्या मोबाइलवर त्याचा लांबलचक मजकूर आला. विषय : धोंडेजेवणाचे पोषणमूल्य वाढविणेबाबत. पुरण, गूळ, साखर व तूप वर्ज्य. मुख्य पदार्थ म्हणून कडू पालेभाज्यांचे सॅलड करावे, कच्चे, बिनतेलाचे, बिनफोडणीचे. जेवताना पाणी देऊ नये. सोबत खात्याचे माननीय सुंदरराव साहेब उपस्थित राहतील. आणि शेवटी, सॅलड समाधानकारक आढळल्यास सौ. दीपमाला यांना माहेरी पंधरा दिवस ठेवण्याबाबत सकारात्मक विचार करण्यात येईल.

हे शेवटचं वाक्य चंद्रभागाबाईंनी नवऱ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. लग्न झाल्यापासून दीपमाला माहेरी एका रात्रीच्या वर राहिली नव्हती. माहेरच्या खाण्यानं तिला वाईट सवयी लागतात आणि त्या सवयी ती घरी आणते, असा परमेश्वरचा अभिप्राय होता. लेकीला समोर बसवून तिच्या डोक्यात तेल घालावं, ती झोपली की तिच्याकडं नुसतं बघत बसावं, एवढंच चंद्रभागाबाईंना हवं होतं. त्यासाठी त्या जावयाला पाला काय, चुलीतलं जळणही वाढायला तयार होत्या.

अडचण पाल्याचीच होती. धोंड्याचा महिना यंदा भर उन्हाळ्यात आलेला. गावात हिरवं म्हणून जे काही शिल्लक होतं, तो ग्रामपंचायतीच्या फाटकाचा रंग होता. जावयानं पाठवलेली पाल्यांची नावं चंद्रभागाबाईंनी बाजारात भाजीवाल्या उत्तरेश्वरला दाखवली.

“केल, अरुगुला, चिकोरी, वरून लिंबू…” उत्तरेश्वरनं मोबाइल लांब धरून वाचलं. “वैनी, ह्यातलं मला फकस्त लिंबू कळलं. बाकीची मान्सं हायत का औशिदं?”

“पाला हाय म्हनं. कडू पायजे.”

“मग ही मेथी न्या. माना टाकल्यात तिनं, पर कडूपना जाग्यावर हाय.”

मेथी कडू असते, पण मोहिमेइतकी नसते. घरी आल्यावर चंद्रभागाबाईंची नजर अंगणातल्या कडुनिंबावर गेली. तलवाड्याच्या त्या उन्हात तो एकटाच ताजातवाना उभा होता. त्याचा कोवळा पाला त्यांनी टोपलीभर ओरबाडला.

आता प्रश्न उरला प्रमाणाचा. चंद्रभागाबाईंचे यजमान पंडितराव यांनी उभा जन्म पंचायत समितीत आवक-जावक सांभाळण्यात घालवला होता, त्यामुळं घरात कशाचा अर्थ लावायचा असला की तो तेच लावत.

“धोंड्याऐवजी पाला, हे कळलं,” ते चष्मा पुसत म्हणाले. “पर संख्या बदलल्याचं कुटं लिव्हलंय? संख्येबाबत मजकूर गप हाय. म्हंजी जुनाच आदेश लागू. तेहतीस द्रोण.”

“अवं, जावई हाय का शेळी?”

“ते उद्या जेवताना कळंल,” पंडितराव म्हणाले आणि द्रोण आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी सरकारी जीप दारात थांबली. आधी साहेबांचं पोट उतरलं, मग साहेब उतरले, मग परमेश्वर, आणि सगळ्यांत शेवटी पिशव्या घेऊन दीपमाला. रांगोळी काढली होती, पाट मांडले होते, समई लावली होती. जावयाच्या ताटाभोवती तेहतीस द्रोण गोलाकार मांडलेले. साहेबांना कमीपणा वाटू नये म्हणून त्यांच्याभोवतीही तेहतीस.

“वा!” साहेब म्हणाले. “दृश्य प्रेरणादायी आहे.”

परमेश्वरनं पहिला घास घेतला. त्याच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते वरिष्ठांच्या उपस्थितीत उमटल्यामुळं त्याचं लगेच हसू झालं. “छान झालंय, मामी,” तो म्हणाला. त्याच्याकडं बघून साहेबांनी घास घेतला. साहेबांनी कडू पाल्यावर गावोगाव भाषणं केली होती, पण भाषणात चावायचं नसतं. त्यांनी एकदा कनिष्ठाकडं पाहिलं. कनिष्ठ हसत होता. मग साहेबही हसले.

नावडतं आधी संपवावं आणि मोकळं व्हावं, या शाळकरी हिशेबानं साहेबांनी डोळे मिटून पहिला द्रोण रिकामा केला. पण आपल्याकडं रिकामा द्रोण हे मागणीपत्र असतं. चंद्रभागाबाईंनी तो तत्काळ भरला.

“नको, नको,” साहेब म्हणाले.

पाहुण्यानं नको म्हणणं म्हणजे आग्रहाला रीतसर सुरुवात झाली, असं चंद्रभागाबाईंना त्यांच्या आईनं शिकवलं होतं. त्यांनी आणखी एक मूठ वर ठेवली. “साहेब, लाजू नका. आपलंच घर हाय.”

“पुरे, मामी, खरंच पुरे,” परमेश्वर कळवळला.

“आसं कसं पुरे? माज्या गळ्याची शपत हाय तुमाला, जावईबापू. धोंड्याचं वान अर्धं सोडत न्हाईत.”

“दीपमाला, जरा पाणी…”

“जेवताना पानी न्हाई,” दीपमाला दारात उभी राहून गोड आवाजात म्हणाली. “तुमीच लिव्हलंय की.” लग्नानंतर प्रथमच तिला नवऱ्याच्या आहारशास्त्राचा आनंद होत होता.

साहेब थांबले तर परमेश्वरला मोहिमेबद्दल शंका येईल आणि परमेश्वर थांबला तर त्याच्या गोपनीय अहवालात नोंद होईल. त्यामुळं दोघंही एकमेकांवर नजर ठेवून खात राहिले. शेजारच्या घरातून पुरण शिजल्याचा वास येत होता. त्या दिशेला दोघांनीही मान वळवली नाही. साहेबांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तेव्हा पंडितरावांनी काळजीनं विचारलं, “साहेब, काय झालं?”

“समाधान,” साहेब म्हणाले. मग उठून हात धुतले, बराच वेळ चुळा भरल्या आणि अंगणात येऊन जाहीर केलं, “मावशी, असं जेवण मी जन्मात जेवलो नाही.” नोकरीत आल्यापासून त्यांनी उच्चारलेलं हे पहिलं संपूर्ण खरं वाक्य असावं.

दीपमालाचे पंधरा दिवस जागेवर मंजूर झाले. चंद्रभागाबाईंना इतका हर्ष झाला की त्यांनी सगळ्यांदेखत लेकीला पोटाशी धरलं. तेल गरम करायला ठेवण्यासाठी त्या वळल्या, तेवढ्यात साहेबांचं पुढचं वाक्य आलं.

“हा लाभ आम्हा दोघांनाच मिळणं योग्य नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येकाला मिळाला पाहिजे. मावशी, तुम्ही आमच्या प्रात्यक्षिक दौऱ्यावर चला.”

“मी? किती दिवस?”

“पंधरा.”

“पर लेक तर आत्ताच आलीया…”

“मामी, नाही म्हणू नका,” परमेश्वर घाईनं म्हणाला. “दोन्ही मंजुऱ्या एकत्रच आहेत.”

अशा रीतीनं लेक माहेरी राहिली आणि माहेर जीपमध्ये बसून निघून गेलं.

नारायणगडाच्या वाटेवरची गावं झाली, गेवराईकडची झाली. चंद्रभागाबाई पाला निवडत, लिंबू पिळत, द्रोण भरत. लोक साहेबांसमोर आणि कॅमेऱ्यासमोर खात आणि ‘लई भारी’ म्हणत. बाया कृती विचारत. सरपंच दुसऱ्यांदा मागत, कारण फोटो पहिल्या वेळी हललेला असे. रोज संध्याकाळी दीपमालाचा फोन येई.

“आई, आण्णांनी पुरन घालाया लावलं. मी धोंडे करायलेय. तू कवा येतीस?”

“खा, बाई, पोटभर खा,” चंद्रभागाबाई म्हणत आणि फोन ठेवून पदरानं डोळे टिपत. बघणाऱ्यांना वाटे, समाधान.

अकराव्या दिवशी दौरा दिंद्रुडला पोचला. देवळापुढच्या मांडवात गाव लोटलेलं. सगळ्यांचं खाऊन आणि वाखाणून झाल्यावर साहेबांना नवी कल्पना सुचली. ते माइकवर म्हणाले, “आता मावशी स्वतः खाऊन तुम्हाला चव सांगतील.”

तोवर चंद्रभागाबाईंनी ते कधी तोंडात घातलंच नव्हतं. घरी देवाच्या वाणाचं म्हणून चाखलं नाही आणि दौऱ्यात वाढणाऱ्या बाईला कोण विचारतो? त्यांनी घास घेतला. जीभ मागं सरली, कान बधिर झाले, मस्तकात कळ गेली. जहर होतं ते. इतके दिवस इतक्या गावांनी काय खाल्लं आणि काय सांगितलं, हे त्यांना एका घासात कळलं.

दुसरंही एक कळलं. माइक हातात होता. ‘बाबांनो, हे कडूजहर हाय’ एवढं बोललं की मोहीम इथंच संपत होती. जीप माघारी फिरली असती, दिवस मावळायच्या आत तलवाडा आला असता आणि लेकीचे चार दिवस हाताला लागले असते.

त्यांनी समोर पाहिलं. अख्खा मांडव त्यांच्याकडं बघत होता. त्यातल्या प्रत्येकानं आत्ताच द्रोण पुसून खाल्ला होता आणि वा म्हटलं होतं. इतक्या मोठमोठ्या माणसांना, साहेबांना, जावयाला, एका घासात खोटं कसं पाडायचं? चंद्रभागाबाईंनी घास गिळला.

“लई ब्येस झालंय,” त्या म्हणाल्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला. उत्पादकानंच ग्वाही दिल्यामुळं मोहिमेला तिथल्या तिथं मुदतवाढ मिळाली. पंधरा दिवस भरल्यावर दीपमाला आईला न भेटताच बीडला गेली. आता दौरा जिल्ह्याबाहेर निघतो आहे. चंद्रभागाबाई प्रत्येक गावात द्रोण हातात देतात आणि खाणाऱ्याच्या तोंडाकडं आशेनं बघत राहतात. कुणीतरी एकानं, फक्त एकानं, थू करावं, म्हणजे त्या घरी जाऊन लेकीला बोलावून घेतील.

तुमच्या गावीही जीप येईल. चंद्रभागाबाईंना तुमच्याबद्दल फार भरवसा वाटतो. पण आम्ही तुम्हाला परवा साहेबलोकांच्या पंगतीत पाहिलंय. तोंड वाकडं झालं होतं, तरी ‘वा, कृती पाठवा’ असं म्हणणारे तुम्हीच होतात.